पहारेकरी गप्प आहे

सोमवार, ३ नोव्हेंबर

पुन्हा तोच! पहारेकरी. कालच्या, हरवलेल्या मेंढरावरच्या उपदेशाचा व्हिडिओ चर्चच्या पेजवर चढवून तास झाला नसेल, खाली याचं चऱ्हाट हजर.

'प्रिय बंधू पाळक, सप्रेम सलाम. मुद्दा पहिला – नव्याण्णव मेंढरं रानात सोडली होती, वाड्यात कोंडली नव्हती. मुद्दा दुसरा – ढोल सुरू झाला की उपदेश ऐकू येत नाही, ते कदाचित सोयीचंच असेल. मुद्दा तिसरा – आजाऱ्यांच्या घरी आपली पायधूळ वर्षातून किती वेळा झडते?'

सप्रेम म्हणे. सप्रेम म्हणायचं आणि माणूस सोलून काढायचा.

हे पेज मी चालवते, हे पाळक सोडून कोणाला ठाऊक नाही. उत्तर देणाऱ्याचं नाव 'चर्च कार्यालय'. पाळकांचं एकच सांगणं – 'ताई, उत्तर द्यायचं तर गोडीत द्या, नाहीतर देऊच नका.' माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण बोलणं आजोबाचं.

दिलं गोडीत. 'हे बघा, आपल्या सूचनांबद्दल आभार,' म्हणून सुरुवात केली आणि लिहिता लिहिता चांगलं पानभर झालं. भाजी करपली. बाबांना वाढायला उशीर झाला, पण कुरकुर नाही. खोलीत टॅबवर बुद्धिबळ चाललं होतं. खुशीत दिसले. जिंकत असतील.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज दिवसभर शिव्या खाल्ल्या. वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रारी ऐकायच्या म्हणजे कानाला हेडफोन आणि तोंडात साखर. 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कपडे टाकण्याआधी खिसे तपासले होते का?' हा आमचा पहिला प्रश्न. अर्ध्या मशिनी खिशातल्या वस्तूंनीच बंद पडतात. नाणी, खिळे, एकदा तर आख्खी कवळी! विचारलं की माणसं अंगावर येतात. 'आम्ही काय खुळे आहोत का?' मी दिलगीर. पगार त्याचाच आहे.

घरी पोचेपर्यंत साखर संपलेली असते. बाबांशी बोलणं होतं ते एवढंच – हे बघा बाबा, गोळी घेतलीत का? काही हवंय? नको. बरं, मग पडा. कंबरेचं हाड मोडल्यापासून ते त्या खोलीत. चर्चमध्ये चाळीस वर्षं 'वडील', म्हणजे मंडळीचे कारभारी, म्हणून पहिल्या बाकावर बसले, आता टॅबवर उपासना बघतात. मोठ्या अक्षरांचा टॅब मीच आणून दिला. तेवढाच वेळ जातो त्यांचा.

कोण असेल हा पहारेकरी? फोटोच्या जागी कंदील. बाकी काही नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

माझ्या उत्तरावर त्याचं उत्तर. सात मुद्दे! चौथ्या मुद्द्यात माझी चूक त्याने बरोबर पकडलीय. म्हणूनच जास्त चिडले.

खाली एका बाईने लिहिलंय – 'पहारेकऱ्यासाठी सर्वांनी प्रार्थना करा, प्रभू त्याची वाचा बंद करो.' आणि तिच्याखाली आमेनांची ही रांग. याला प्रार्थना म्हणायचं तर शिवी कशाला म्हणायचं?

पण खोटं कशाला लिहू. वाचून बरं वाटलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज पाळक उपदेशात दोनदा अडखळले. नंतर मी वायरी गुंडाळत होते, तेव्हा जवळ येऊन म्हणाले, 'ताई, मी खरंच आजाऱ्यांकडे जात नाही का हो?' डोळे लाल. रात्रभर झोपला नसणार पोरगा.

घरी येऊन बघते तर पहारेकऱ्याचं नवीन – 'मेंढपाळ मेंढरांना नावाने ओळखतो असं ऐकून होतो. आपण बहुतेक मोबाइल नंबराने ओळखता.'

माझं डोकंच फिरलं. तशीच, पायातल्या चपला न काढता स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून लिहिलं –

'हे बघा, घरात बसून दुसऱ्याच्या चुका काढणाऱ्या तुमच्यासारख्या कुजक्या माणसाला भेटायला यावं तरी कोणी? उद्या तुम्ही गेलात तर मातीला चार माणसं यायची नाहीत. खांदा द्यायला भाड्याने आणावी लागतील.'

पाठवलं. छान वाटलं. छान वाटलं, हे इथे लिहून ठेवते, नाहीतर उद्या म्हणेन की नव्हतं वाटलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

अंगठ्यांवर अंगठे. टाळ्या, हसरे चेहरे, आमेन. पेजवर आजवर इतकी गर्दी कधी झाली नव्हती.

ऑफिसात शेजारच्या खुर्चीवरची चष्मेवाली दुसऱ्या चर्चची. तिने डबा खाताना ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'तुमच्या कार्यालयात कोण आहे गं? काय धुतलाय म्हाताऱ्याला!' मी म्हटलं, असेल कोणीतरी. आणि हसले. तिच्या तोंडून ऐकताना मात्र मी डबा झाकून टाकला. म्हातारा कशावरून, असं विचारलं तर म्हणाली, 'सप्रेम सलाम आता कोण लिहितं?'

तेवढ्यात पाळकांचा फोन. 'ताई, ते पुसून टाका.'

'तो तुम्हाला बोलत होता.'

'मला बोलत होता ना? मग माझं मी बघतो.' आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. पुसलं. पण पुसण्याआधी जगाने वाचलं, म्हणजे त्यानेही वाचलंच असणार. त्याचं उत्तर नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पहारेकऱ्याचं खातंच गेलं. कंदिलावर बोट ठेवलं की 'हे खाते आता उपलब्ध नाही.' माफी लिहून तयार आहे, पाठवू कुठे?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

काही करून घेतलं नसेल ना त्याने?

नाही, इतकं कोणी मनाला लावून घेत नाही. लोक इंटरनेटवर काय काय बोलतात. पण एकटा असला तर? घरात बोलायला कोणी नाही, म्हणूनच तर सात-सात मुद्दे लिहायचा. आणि मी नेमकं तिथेच बोट घातलं. मला कसं सुचलं ते? कुठल्या कोपऱ्यात ठेवलं होतं मी इतकं विष? दिवसभर 'दिलगीर आहोत, दिलगीर आहोत' म्हणते, ते बहुतेक तिथे साचत असेल.

जेवण जात नाही. बाबांचंही ताट अर्धं परत आलं. विचारलं तर 'भूक नाही.' थंडी पडलीय, त्याने असेल.

रविवार, १६ नोव्हेंबर

उपासनेत माझं लक्ष म्हाताऱ्यांच्या बाकाकडे. हा असेल का? तो? नेहमीचे छत्रीवाले आजोबा आले नाहीत आज, ते का आले नाहीत? मग आले उशिरा, लंगडत. मला इतकं हायसं वाटलं की त्यांना हात धरून बसवलं. ते बघतच राहिले.

पाळक आता खरोखर घरोघर जायला लागलेत. आज दुपारी आमच्याकडे आले, बाबांसाठी प्रभुभोजनाची भाकर आणि छोटा पेला घेऊन. म्हणजे पहारेकऱ्याचं म्हणणं लागू पडलं म्हणायचं. त्याला हे कळायला हवं होतं. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तोवर प्रार्थना आटोपली होती.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सकाळी चर्चच्या ग्रुपवर निरोप – घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा गेले. एकटेच राहायचे. मंगळवारी दार उघडेना म्हणून शेजाऱ्याने तोडलं. खाली माती देण्याची वेळ.

तोच. तोच असणार. बाबांना सांगितलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावले.

दफनभूमीत पाळक, खणणारे दोघे, शेजारी आणि मी. बस. माझ्या वाक्यातलं जसंच्या तसं. पेटी खाली सोडताना मला हुंदका आवरेना. पाळकांना वाटलं, ओळख होती. मग शेजाऱ्याला गाठून विचारलं, 'आजोबा मोबाइलवर काही लिहायचे का हो?' तो म्हणाला, 'त्यांना कुठे लिहिता यायचं ताई? सहीपुरतं यायचं तेवढंच.'

सुटले! असंच वाटलं मला, कबरीच्या काठावर उभी राहून. एक माणूस मेला आणि मी सुटले. काय मेली बाई आहे मी तरी.

घरी आले तर बाबा जागेच. 'मातीला किती माणसं होती?'

'होती बरीच.'

'बरीच म्हणजे?'

'बाबा, मी काय मोजायला गेले होते का?'

भिंतीकडे वळून झोपले.

शनिवार, २२ नोव्हेंबर

बाबांचा स्वेटर धुवायला घेतला. आता सवयच झालीय, हात आधी खिशात जातो. खिशात रुमाल. रुमालात भाकरीचा तुकडा. प्रभुभोजनाचा. वाळून कडक झालेला.

गेल्या रविवारचा. म्हणजे हातात घेतला, तोंडात नाही घातला. चाळीस वर्षं ज्यांनी इतरांना ही भाकर वाटली, त्यांनी ती खिशात घातली.

तुकडा तळहातावर घेऊन गेले. म्हटलं, 'हे काय बाबा?'

म्हणाले, 'ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याशी आधी समेट, मग भाकर. तुला लहानपणीच शिकवलंय.'

'तुमचं कोणाशी बिनसणार? खोलीबाहेर तरी पडता का?'

'उद्या पाळकांना बोलावून घे.'

त्यांचं अंथरूण आवरताना उशीजवळ टॅब दिसला. वर धुळीचा थर. बटण दाबलं, उठला नाही. किती दिवस चार्जिंगला लावला नाही कोण जाणे.

एक विचार मनात आलाय. नको. तो नको. तो सोडून दुसरं काहीही चालेल.

टॅब चार्जिंगला लावायची हिंमत झाली नाही. होता तसा ठेवून दिला.

रविवार, २३ नोव्हेंबर

पाळक आले. बाबांनी आज दाढी केली होती, वॉकर बाजूला सारून खुर्चीत ताठ बसले होते. मी दारात.

'पाळकसाहेब, तो पहारेकरी मीच.'

मी चौकट धरली. खरं तर कालपासून मला माहीत होतं.

पाळक आधी गोंधळले, मग चक्क हसले. 'काका, तुम्ही? मला वाटत होतं, कोणी मोठा शिकलेला शास्त्री मागे लागलाय. झोप उडवलीत हो माझी.'

'तेच चुकलं. मुद्दे बरोबर होते, लिहिण्याची रीत बरोबर नव्हती. तुमच्यासमोर बसून बोलायला हवं होतं. पण तुम्ही येत नव्हता.'

'नव्हतो येत,' पाळक म्हणाले. 'आता येत जाईन. आणि काका, पेजवरून तुम्हाला जे उत्तर गेलं, ते फार वाईट होतं. त्याबद्दल मी–'

'ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला माहीत आहे.'

पाळकांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच आपल्या बुटांकडे. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीकडे तोंड करून म्हणाले, 'बाकी काहीही लिहिलं असतं तर मी मुद्देसूद खोडून काढलं असतं. तेवढं मातीचं एक खरं वाटलं.'

पाळकांनी प्रार्थना केली. दोघांनी एकमेकांना क्षमा केली, हात हातात घेऊन. मग पाळकांनी भाकर दिली.

बाबांनी ती तळहातावर घेतली. घेऊन बसले. खाल्ली नाही. पाळक थांबले, पुन्हा थोडं थांबले, शेवटी पेला पुसून निघाले. मी जिन्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा मला हळूच म्हणाले, 'ताई, आता काय राहिलंय?'

काय राहिलंय ते मला माहीत होतं. आत गेले तर बाबांनी तुकडा वाटीत ठेवून वर बशी झाकली होती. मी तोंड उघडलं आणि म्हटलं काय? 'गोळी घेतलीत का?'

'घेतली,' म्हणाले.

सोमवार, २४ नोव्हेंबर

कामावर गेले नाही. खुर्ची ओढून बाबांसमोर बसले आणि म्हटलं, 'ते मी लिहिलं. माझं चुकलं, बाबा.' रडले खूप. त्यांनी बशी उचलली, तुकडा मोडला, अर्धा मला दिला, अर्धा खाल्ला.

मग विचारलं, 'मी आहे हे कधी कळलं तुम्हाला?'

'पहिल्याच उत्तराला. हे बघा, म्हणून सुरुवात दुसरं कोण करतं?'

'सुरुवातीपासून माहीत होतं? मग लिहीत का राहिलात?'

बाबा म्हणाले, 'घरात तू मला गोळीचं विचारतेस. तिथे पानभर लिहायचीस.'