शेगडीची दोन बटणं

२६ नोव्हेंबर १९९८
परत तेच! दुपारी झोपून उठलो तर विजेच्या शेगडीची डावी कॉइल लालभडक, वर भांडं नाही. मैना बाहेरच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली. "मी बंद केली होती हो," म्हणाली. बायको खोटं बोलणारी नाही. म्हणजे स्विचच गेलाय. बोर्डात तीस वर्षं वायरमन होतो, एवढं कळतं मला.

२७ नोव्हेंबर
रविवार कारंजा चौकातली तीन दुकानं पालथी घातली. तिसरा म्हणतो, "काका, आता कोण वापरतं ही? गॅस घ्या ना!" शहाणाच आहे! शेवटी त्याच्याच जुन्या मालाच्या खोक्यात दोन स्विच मिळाले.

२८ नोव्हेंबर
मेन बंद केला, फ्यूज काढून खिशात टाकला, शेगडी उलटी केली. सोडवण्याआधी प्रत्येक वायरीला चिकटपट्टी आणि त्यावर नंबर — सवयच तशी. जुने स्विच खोलून पाहिले. आतले पॉइंट ठणठणीत! थोडी काजळी, बस्स. तरी दोन्ही बदलले. नवं बटण फिरवलं की टक्‌ वाजतं. मैनाला पाच वेळा फिरवून दाखवलं. ती हसली.

३० नोव्हेंबर
नव्या स्विचवरही कॉइल लाल.

१ डिसेंबर
आता स्विचला दोष देता येत नाही. म्हणजे मैनाच. फार वाईट वाटतंय. चाळीस वर्षं हिच्या हातचं जेवतोय, आणि हिचंच डोकं दगा देणार?

संध्याकाळी सरळ विचारलं. ती म्हणाली, "माझ्याकडूनच राहिली असेल." डोळे भरले होते तिचे. मी उगाच आवाज चढवला.

पुण्याला किशोरला फोन केला — आईला डॉक्टरला दाखवायला हवं. तो म्हणाला, "आई बोललीये मला. बाबा, तुम्ही दोघंही या." ही कधी बोलली त्याच्याशी?

३ डिसेंबर
मैना सकाळच्या एसटीनं येवल्याला गेली, भाचीच्या हळदीला. मी लग्नाच्या दिवशी जाणार. निघताना मलाच बजावते, "डबे भरून ठेवलेत. शेगडीला हात लावू नका." घ्या!

५ डिसेंबर
फिरून आलो. कुलूप काढलं. उजवी कॉइल लालबुंद, पातेलं करपून काळं. मैना अजून येवल्यालाच आहे. भीती वाटतेय. तिला ठाऊक होतं, तरी तिनं स्वतःवर घेतलं.