तुळईवरचा जळका डाग

प्रिय विनी,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? कोंबड्या अंडी घालतात ना? माझी तब्येत विचारू नकोस. इथेही कुणी विचारत नाही.

हल्ली विचारपूस होते ती घराची. जुन्या इमारतींच्या खात्यातल्या मिस गॅरॉड आल्या आणि स्वयंपाकघरातल्या ओकच्या तुळईवरून असा हात फिरवला, जसा डॉक्टरने माझ्या पाठीवरून कधी फिरवला नाही. घराचा लाकडी सांगाडा चारशे वर्षांचा, म्हणून त्याला साधा खिळाही ठोकायचा नाही. (तो वाकला की बाई म्हणतात, "किती सुंदर!" मी वाकलो की मार्टिन म्हणतो, "बाबा, आता तुमच्याच्याने होत नाही.") माझी मागची खोली मात्र आपल्या आजोबांनी जोडलेली, तिला म्हणे किंमत नाही, खुशाल पाडा. सूनबाईंना, म्हणजे हिलरीला, तिथे पाहुण्यांसाठी काचेची खोली हवी आहे. मी कुठे झोपायचं, ते नकाशात नाही.

धुराड्याखालच्या तुळईवर ते थेंबासारखे जळके डाग आहेत ना, आग लागू नये म्हणून पूर्वजांनी मुद्दाम मेणबत्ती धरून पाडलेले? त्यांच्यापुढे मिस गॅरॉड देवळात उभं राहावं तशा उभ्या होत्या. म्हणून सगळे बाजारात गेल्यावर मी खुर्चीवर चढलो आणि माझ्या खोलीतल्या तुळईलाही मेणबत्ती धरली, म्हणजे तिलाही किंमत येईल. (पूर्वजांचे हात थरथरत नसावेत.) डाग छान पडला. पडदाही छान पेटला. पण आग पडद्यावरच थांबली, म्हणजे खूण काम करते, हे कुणी लक्षातच घेत नाही.

मिस गॅरॉड पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी माझ्या खोलीत वर पाहिलं, हुंगलं. "मिस्टर थर्केटल, हे पाइनचं लाकूड आहे. आणि डाग याच आठवड्यातला."

"बघा! ह्यांना एकटं ठेवायची सोय नाही," हिलरी म्हणाली. तेव्हापासून वृद्धाश्रमाचं घाटतंय. तिथल्या भिंती सरळ आहेत म्हणे. मी स्पष्ट सांगितलं, या घरातून मी आडवाच निघेन. मार्टिन म्हणाला, "बाबा, दार इतकं अरुंद आहे, की आडवे तुम्ही निघणारच नाही."

तुझा भाऊ,
अँब्रोज

ता. क. तुझी कोंबड्यांमागची खोली रिकामी असेल तर मी येतो. मेणबत्ती आणणार नाही.

आणखी एक. मार्टिन आत्ताच म्हणाला, वृद्धाश्रमाबद्दल त्याने तुला आधीच फोन केला होता आणि "आत्यालाही पटलंय." मी त्याला खोटारडा म्हणून दार आपटलं (चौकट कललीय, पुन्हा आपटावं लागलं). तू हो म्हणाली नव्हतीस, एवढं एका ओळीत लिही. म्हणाली असशील तर लिहू नकोस; उत्तर टपालात हरवलं, असं तरी मला म्हणता येईल.