चारावर एक

गोंदिया,
एप्रिल १९३८

प्रिय रुख्मा,

मोटारीची सगळी हकीकत लिहून पाठव, असं तू पाडव्याला निघताना म्हणालीस. पूजेला तू स्वतः हजर होतीस, मोटारीत बसून पाहिलंस, मग आणखी कसली हकीकत तुला हवी होती ते मला तेव्हा कळलं नाही. तरी मी हो म्हटलं. आज लिहायला बसले आहे. सासूबाई ओसरीवर आडव्या झाल्या आहेत, हे गिरणीत आहेत, निर्मला पाटीवर रेघोट्या ओढते आहे. पत्र लांबणार, आधीच सांगते. तुझ्या शाळेला आता सुट्टी लागेल, तेव्हा निवांत वाच.

मी जन्माची संशयी, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? कामठ्याच्या शाळेत माझी लेखणी हरवली की मी सगळ्यांची दप्तरं उलटी करायची, आणि लेखणी सापडायची माझ्याच वेणीत खोचलेली. तू तेव्हा हसून लोळायचीस. लग्न झालं तरी खोड गेली नाही. गवळी दूध घालून वळला की मी बोट बुडवून बघते. बिसराम ड्रायव्हर येऊन चार महिने झाले नाहीत तोच, पेट्रोलचा डबा हलवून बघायची सवय मला लागली. सासूबाई म्हणतात, हिच्या डोळ्यात देवानं बुबुळाच्या जागी चाळणी बसवली आहे. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना तू म्हणशील, चंद्रकांताला पुन्हा लेखणी सापडत नाही. मीही स्वतःला बरेच दिवस तेच सांगून पाहिलं.

मोटार आली दिवाळीनंतर. नागपूरहून घेतली, हिरवी, कोरी, आणि गोंदियाच्या बाजारातून घरी आली तेव्हा लोक दुकानातून बाहेर येऊन बघत होते. फक्त तिच्यावर नंबर नव्हता. भंडाऱ्याच्या कचेरीत नंबर ओळीनं देतात. यांची पाळी आली तेव्हा कारकुनानं ५४८ देऊ केला. दुसऱ्या कोणी घेतला असता आणि घरी येऊन जेवला असता. हे उठून परत आले. म्हणे, घेईन तर ५५५ घेईन, नाहीतर मोटार शेडात सडली तरी चालेल. पंचमच्या गाडीवर पाचच पाहिजेत, तेही एक नाही, तीन. हे नाव मी लिहिलं म्हणून दचकू नकोस. बंदी जिभेला आहे, हाताला नाही, हे तूच मला लग्नाआधी समजावलं होतंस.

जिभेचं मात्र मी कसोशीनं पाळलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि त्या नावाचा वास येईल तो शब्दही घ्यायचा नाही. लोकांच्या नवऱ्यांची नावं बरी असतात. माझ्या वाट्याला नेमका आकडा आला. बाजारात मी चारावर एक शेर डाळ मागते. नागपंचमीला नागोबाचा सण म्हणते, पंचांगाला भटजींचं पुस्तक. दुकानदार आता सवयीचे झालेत. म्हणून मी यांना म्हटलं, अहो, मला माझ्याच घरच्या मोटारीचा नंबर कधी सांगता यायचा नाही. तर हसले आणि म्हणाले, "तुले कोन इचारून रायला नंबर?" खरंच होतं ते. मला कोणी विचारत नाही.

तर मोटार राहिली शेडात आणि हे नंबराच्या मागे लागले. मधले सहा-सात नंबर दुसऱ्या कोणी घेतल्याशिवाय यांचा येणार नव्हता. कोणाला गाडी घ्यायची आहे, कोणाची दाराशी उभी आहे पण नंबर घेतलेला नाही, याचा शोध चालू झाला. भंडाऱ्याच्या खेपा वाढल्या. आठवड्यात दोनदा, कधी तीनदा, धुतलेला कोट, पानाचा डबा. मला वाटलं, आकड्यासाठी कोणता शहाणा माणूस इतकं हिंडतो? भंडाऱ्यात कोणीतरी आहे. मी सासूबाईंच्या गुडघ्याला भंडाऱ्याच्या वैद्याचं औषध हवं असं काढलं आणि त्यांना यांच्याबरोबर धाडलं. त्या परत आल्या त्या वैतागून. म्हणाल्या, "दिवसभर कचेरीच्या पायरीवर बसवलंन मले. कारकुनाचं डोस्कं खाऊन रायला होता तुवा नवरा." म्हणजे बाई नव्हती, कारकूनच होता. मी देवापुढे साखर ठेवली. त्या दिवशी मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी बिसरामचा डबासुद्धा हलवून पाहिला नाही.

मग सालेकशाचा विषय निघाला. तिथल्या लाकडाच्या ठेकेदाराकडे नव्या लॉऱ्या उभ्या होत्या, आणि तेंदूपत्त्याच्या मोसमापर्यंत त्याला त्यांची घाई नव्हती. त्यानं आत्ताच नंबर घेतले तर यांचा रस्ता मोकळा. हे सालेकशाला जाऊ लागले. आणि रुख्मा, मला काय वाटलं असेल सांग? मला हायसं वाटलं. सालेकशाला तर माझी रुख्मा आहे. तुझ्यासाठी मी लोणचं दिलं, पापड दिले, निर्मलानं काढलेलं मोराचं चित्र दिलं. तुला निरोप धाडला की हे तिकडे येतात, उपाशी फिरतात, दोन घास खाऊ घालत जा आणि जमलं तर नजर ठेव. भंडाऱ्याकडे चाळणी लावून बसलेली मी, सालेकशाच्या गाडीला मात्र स्वतःच्या हातानं डबा भरून देत होते.

माघात एकदा जेवताना हे म्हणाले, रुख्माच्या खोलीच्या छपराची कवेलू फेरायला पाहिजेत, पलंगावर गळतं. मी भाजी वाढत होते. डबा दारातून देऊन येतो असं हे नेहमी सांगायचे. दारातून पलंग दिसत असेल, म्हटलं, लहान खोली आहे. अवकाळी पाऊस पडला त्याच दिवशी हे तिथे असतील. असं एकेक मी माझं मलाच पटवत गेले. संशयी माणसाला एकदा खोटं ठरल्याची लाज बसली की तो पुढे डोळे असून बघत नाही.

फाल्गुनात लॉऱ्यांना नंबर लागले आणि पाठोपाठ यांचा ५५५ आला. चुन्नीलाल पेंटर शेडात ओणवा होऊन पाटी रंगवत होता आणि हे त्याच्या डोक्यावर उभे. तो म्हणायचा, "सेठजी, तीनों एक जैसे बैठेंगे, आप जाके चाय पियो." गेले नाहीत. काळ्यावर पांढरे तीन आकडे, वाळेपर्यंत माशी बसू दिली नाही. असा आनंद मी यांच्या तोंडावर निर्मला झाली तेव्हाही पाहिला नव्हता, आणि खरं सांगते, मलाही तो बघून बरं वाटलं होतं.

आता पाडवा. तू सकाळच्या गाडीनं आलीस. मोटारीला हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ माझ्या हातात, आणि तू ताटाजवळ बसली होतीस. तू निर्मलाला म्हणालीस, "उदबत्ती दे गं इकडे." मी नारळ धरून तशीच उभी राहिले. उदारामभाऊ जाऊन नऊ वर्षं झाली, रुख्मा. या नऊ वर्षांत तुझ्या तोंडून मी त्यांच्या नावाचा वास येणारा तो शब्द ऐकलेला नव्हता. वासाची काडी म्हणायचीस. नवरा गेला, कुंकू गेलं, तरी त्याचं नाव तू जपलंस, आणि आम्ही बायका मागे म्हणायचो, बाई असावी तर अशी. त्या दिवशी तो शब्द तुझ्या ओठातून सहज पडला. मला आनंदच झाला. वाटलं, सुटली बिचारी त्या ओझ्यातून, कधीतरी सुटायचंच होतं.

त्यानंतर सासूबाई काठी टेकत पुढे आल्या. त्यांना आता दिसतं कुठे? पाटीवर हात फिरवून विचारू लागल्या, "काय आकडा टाकला माह्या पोरानं? सांगान का कोनी मले?" मी बोटं दाखवली, आणि लगेच लक्षात आलं की त्यांना बोटं दिसत नाहीत. सगळे हसले. मग त्या तुझ्याकडे वळल्या. "रुख्मा, तू सांग वो. तुले कायची आडकाठी?" तू खाली बघितलंस. पदर सारखा केलास. सासूबाई म्हणाल्या, "काऊन, जीभ चावली का?" तेव्हा तू म्हणालीस, चारावर एक, असं तीनदा.

पुन्हा सगळे हसले. सासूबाई तर म्हणाल्या, मैत्रिणीची खोड मैत्रिणीला लागली. मीसुद्धा हसले, मोठ्यानं हसले. फक्त हे हसले नाहीत. हे मोटारीच्या इंजिनाचं झाकण उघडून आत काहीतरी बघत होते, आणि त्या झाकणाखाली बघण्यासारखं त्या वेळी काही नव्हतं.

खोड लागली असेल, असं मी पुढचे दिवस घोकत राहिले. मग दिवाळी आठवली. दिवाळीत तू आठ दिवस इथे राहिलीस आणि निर्मलाकडून त्याच आकड्याचा पाढा करून घेतलास, चांगला खणखणीत आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. मी स्वयंपाकघरातून म्हटलंही होतं, बरं झालं तू आहेस, आईला हा पाढा शिकवता येत नाही. तेव्हा तुझी जीभ मोकळी होती. मधे माघ-फाल्गुन गेले, आणि पाडव्याला एका नावाची बंदी तुझ्या जिभेवरून उठली होती आणि दुसऱ्याची बसली होती. हे बाकी कोणाच्या ध्यानात यायचं नाही. पुरुषांना तर यातलं काहीच कळत नाही. ज्या बाईनं बारा वर्षं तोच शब्द गिळला आहे, तिलाच ते ऐकू येतं.

मी यांना काही विचारलं नाही. विचारलं तर हे हसतील, माझी चाळणी काढतील, आणि मी पुन्हा गप्प बसेन. तुला विचारायचं तर तू समोर हवीस, आणि समोर असलीस की मला तुझ्याशी भांडता येत नाही, कधीच आलं नाही. तुझ्यावर राग आहे. खूप आहे. लोणच्याच्या बरणीचाही राग येतो. पण राग करता करता मधेच मला तू पदर सारखा करताना दिसतेस. त्या क्षणी तुला खोटं बोलणं किती सोपं होतं. साधा आकडा तर होता. म्हणाली असतीस तर मला जन्मात कळलं नसतं. तू म्हणाली नाहीस.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. परवा यांनी जेवताना जाहीर केलं की रुख्मानं त्या जंगलात एकटीनं किती दिवस राहायचं, तिला इथेच आणू, निर्मलाला शिकवेल, मागची खोली रिकामीच आहे. सासूबाई खूश झाल्या. अक्षय्य तृतीयेला बिसराम तीच मोटार घेऊन तुझ्या दाराशी येईल, आणि हे पत्र त्याच्याच हाती असेल. तुझं वाचून होईपर्यंत त्यानं थांबायचं, असं मी त्याला बजावलं आहे. आपल्यात विधवेला पाट लावून दुसरा नवरा करता येतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पाट लागला असेल, तर पेटी घेऊन मोटारीत बस आणि पुढच्या दारानं ये. मी रडेन, भांडेन, तुझ्याशी महिनाभर बोलणार नाही, पण तू कोण आहेस ते सासूबाईंना मी स्वतः सांगेन, मागच्या खोलीत मास्तरीण म्हणून तुला राहू देणार नाही. आणि पाट लागला नसेल, यांनी काहीच दिलं नसेल आणि बायकोनं पाळायचं ते तू आपल्या मनानंच पाळत असशील, तर मोटारीत पाय ठेवू नकोस, ती रिकामी परत पाठव. मग काय करायचं ते माझं मी यांच्याशी बघेन, आणि ते मी तुझ्यासाठीही करेन. यांना विचारून मला खरं उत्तर मिळणार नाही, म्हणून तुला विचारते. रुख्मा, यांनी तुझ्याशी पाट लावला आहे, की यांचं नाव घेणं तू आपणहूनच सोडलंस?

उत्तर काहीही असलं तरी, अजून तुझीच,
चंद्रकांता