धोंड्याचा डबा

अमरावती
८ जून

तीर्थरूप आईस,
माधवीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. बाबांना म्हणावं, गुडघ्याला तेल लावलं की लगेच पंख्याखाली बसू नका. तेल्हाऱ्यात ऊन फार असेल. इथंही आहे, पण मी खिडकी उघडत नाही.

फोन मीच बंद ठेवला आहे. काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण तू थोडी काळजी केलेली बरी.

तुझे अनारसे मिळाले. जाळी छान पडली होती.

मी ते खाल्ले नाहीत, आई. ते नितेशनं आणले. परवा दुपारी दार वाजलं, मला वाटलं घरमालकीण भागीरथाबाई असतील. दार थोडं उघडलं, तर समोर तुझा पितळी डबा आणि डब्यामागे तो, हसत. म्हणाला, "तुह्या मायनं माहे पाय धुतले. तू कोर्टाचं काय सांगून राहिली मले?" अधिकमास संपायच्या आत घेऊन जाईन म्हणाला. फटीत पाय घातला होता. भागीरथाबाई ओरडत जिना उतरल्या तेव्हा डबा उंबऱ्यावर टाकून पळाला. त्यांना तो पाठमोराच दिसला.

धोंड्याचं जेवण घातलं की जावई निवळेल, असं तुला वाटलं असणार. पण पत्ता का दिलास गं? त्यानं माझ्या घराजवळ फिरकू नये, असा हुकूम अकोल्याच्या कोर्टानं दिला तेव्हा तू माझ्या शेजारीच उभी होतीस.

तो हुकूम घेऊन ठाण्यात गेले. हवालदार म्हणाले, "ऑर्डर अकोल्याची हाय, तिकडंच जा." अकोल्याला फोन केला, तर ते म्हणाले, तुम्ही राहता अमरावतीत, तिथंच सांगा. मी बाकावर बसून रडले. शेवटी अशा छळाच्या प्रकरणांत बायकांना मदत करणाऱ्या सरकारी संरक्षण अधिकारी बाई आल्या आणि असा हुकूम देशभर चालतो, हे त्यांनी ठाण्याच्या साहेबांना कायद्यातून वाचून दाखवलं. मग तक्रार घेतली. नितेश मात्र सांगतो, मी अमरावतीला गेलोच नव्हतो.

डबा ठाण्यात जमा आहे. झाकणावर तुझं नाव कोरलेलं आहे, पण साहेब म्हणतात, आईचा डबा लेकीकडे असायचाच. म्हणून पोलीस तुला विचारायला येतील. जावयाची अब्रू सांभाळत बसू नकोस. डबा कोणाच्या हातात दिलास, एवढं खरं सांग. तू नाही म्हणालीस तर तो परत येईल, आणि मला फार भीती वाटते.

तुझा राग आलाय, तरी तुझीच आठवण येते.

ही खोली आज सोडते आहे. नवा पत्ता तुला कळवणार नाही. तो पुन्हा विचारेल, तेव्हा तुला खरंच माहीत नसू दे.

तुझ्या हातचे अनारसे तुझ्याच हातून खायला आसुसलेली,
माधवी