समीर पुढच्या सीटवर

शॉमबर्ग, ऑगस्ट १९८६, शनिवार

स्कॉटलंडहून येऊन आठवडा होत आला आणि ह्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. उद्या समीर ॲन आर्बरला कॉलेजवर परत जाणार. कसं सांगू?

तिथे एक दिवस खास आम्हा तिघांसाठी गाडी आणि ती चालवणारा गाईड घेतला होता. त्याचे उच्चार आम्हाला कळेनात, म्हणून मीच समीरला म्हटलं, "तू पुढे बस रे, तुला कळतं." आम्ही दोघं मागे, मांडीवर पुरी-भाजीचा डबा. डोंगर, तळी, मेंढ्या काय पाहिल्या देव जाणे. मी मागून समीरलाच बघत होते. किती बोलत होता! किती हसत होता! घरी विचारलं तर "फाइन, आई," संपलं.

संध्याकाळी हे बॅगा काढत होते, तेव्हा गाईड मला कळावं म्हणून सावकाश म्हणाला, मेडिकल सोडायला धाडस लागतं, तुमचा मुलगा गुणी आहे. मी हसले. माहीत असल्यासारखी हसले!

आज जेवायला आलेल्या पाटीलकाकूंना हे सांगत होते, "दोन वर्षांत आमचा डॉक्टर होईल." समीर खाली मान घालून आमटी-भात कालवत राहिला.

परक्या माणसाला एका दिवसात सांगितलं. आम्ही काय केलं असतं, खाल्लं असतं?

उद्या बसवर सोडायला जाताना म्हणेन, माझी पाठ दुखतेय, मी मागे बसते, तू पुढे बस बाबांशेजारी. पण पुढे बसला की हा आधी रेडिओ लावतो.

हात जोडते बाळा, उद्या रेडिओ लावू नकोस.