गाठाळलेली निलगिरी

॥ श्री ॥
धुळे तालुका, २४ जून २०२४

चि. दिपमाला हिला नाना-काकूचे अनेक आशीर्वाद.

तू जळगावला कृषी महाविद्यालयात किडींचा विषय शिकवतेस, म्हणून निलगिरीच्या चार डहाळ्या एस.टी.च्या पार्सलनं पाठवतोय. बघ, पण जेवायच्या आधी बघू नकोस. गेल्या पावसाळ्यात तुझ्या भावाच्या, भूषणच्या, रोपवाटिकेतून आठशे रोपं आणली ती ही. गाठीच्या किडीला दाद न देणारी जात, असं त्यानं त्याच्या देवपूरच्या घरी मला बसवून सांगितलं होतं. आता पानाच्या शिरेवर, देठावर, शेंड्यावर गाठीच गाठी. काल एक नखानं फोडली, तर आत पांढरी, बिनपायाची अळी. हात तीनदा राखेनं धुतला, तरी त्या हातानं भाकर मोडवेना. तुझी काकू म्हणे, आता चमच्यानं भरवू का!

शेजारच्या बेबाबाई बांधावर येऊन विचारत होत्या, हाई काय शे, नाना? त्या एकट्या शेती करतात, आणि माझ्या शब्दावर त्यांनीही भूषणकडं पाचशे रोपं सांगितलीत. त्यांना काय सांगू?

आमची आठवण ठेवतेस, तशीच ठेवत जा.
तुझा नाना (चुडामण)

पिंप्राळा, जळगाव, २९ जून २०२४

तीर्थस्वरूप नानांना दिपमालाचा साष्टांग नमस्कार.

पार्सल ओट्यावर उघडलं ही माझीच चूक. प्लास्टिकच्या पिशवीत डहाळ्या तीन दिवस उबल्या आणि गाठींतून किडे बाहेर पडले. मोहरीहून बारीक, काळपट, शेकडो. काही मेलेले, काही मेलेल्यांवरून चालणारे. प्रयोगशाळेत रोज बघते, पण कणकेच्या परातीच्या कडेवर ते चढलेले पाहून परात तशीच बाहेर नेली. कणीक टाकून दिली. त्या दिवशी आमच्याकडं कुणी पोळी खाल्ली नाही.

ही गांधीलमाशीच्या कुळातली, परदेशातून आलेली चिमुकली जात. अळी गाठीच्या आत असते, तिथं फवारा पोचत नाही, तेव्हा औषध मारू नका. निलगिरीच्या काही जातींवरही ती अंडी घालते, पण झाड तेवढा भाग सुकवून टाकतं. गाठ धरतच नाही. भूषणनं सांगितलेली जात त्यातलीच आहे. तुमची रोपं खरोखर त्याच जातीची असती, तर तुमच्या डहाळ्या अशा दिसल्या नसत्या. एकेक ओळ फिरून स्वच्छ झाडं किती आणि कुठं, ते मोजा.

काकूंना नमस्कार. माझ्यावर माया असू द्या.
दिपमाला

धुळे तालुका, ६ जुलै २०२४

चि. दिपमालाला आशीर्वाद.

मोजली. एकशे ऐंशी झाडं स्वच्छ, सगळी विहिरीच्या अंगाला, सलग. ती पहिल्या टेम्पोतली. पुढच्या दोन टेम्पोंतलं एकही झाड धड नाही.

भूषणला बोलावून घेतलं. आधी त्यानं हवेला दोष दिला, मग माझ्या खताला. काकूनं ताट वाढलं, तेव्हा भात कालवता कालवता त्यानं सांगून टाकलं. चांगल्या जातीची रोपं संपली, गिऱ्हाईक थांबेना, म्हणून रस्त्याकडेच्या निलगिरीचं बी टाकून रोपं केली आणि चिठ्ठी चांगल्या जातीचीच लावली. सगळेच करतात, म्हणाला. आणि वर ताक मागितलं. पोरी, मला त्या अळीची आली नव्हती इतकी किळस त्याच्या मिटक्यांची आली. घरातलं घरातच राहू द्या, बेबाबाईंची रोपं एकदा उतरू द्या, असं मला बजावून, काकूच्या पाया पडून गेला.

टेम्पो पंधरा तारखेला, सोमवारी येतोय. मी तोंडी सांगितलं तर भूषण मला म्हातारचळ लागलाय म्हणेल. रोपं त्या जातीची नाहीत, असा तुझ्या सहीचा कागद पाठव.

वाट पाहतोय.
नाना

पिंप्राळा, १० जुलै २०२४

तीर्थस्वरूप नानांना नमस्कार.

सहीचा कागद सोबत आहे. पण आधी हे वाचा. मागच्या वर्षी, तुम्ही रोपं न्यायच्या दहा दिवस आधी, मी भूषणच्या रोपवाटिकेत गेले होते. मागच्या वाफ्यात गाठी दिसल्या. विचारलं, तर ही जाळायची आहेत, म्हणाला. मला ते खरं वाटलं नाही. धाकटा भाऊ, नवा धंदा, म्हणून मी विषय बदलला. नंतर तुम्ही फोनवर विचारलंत, तेव्हा खुशाल लावा, म्हणाले.

त्यानं खोटं विकलं ते मी खपवलं. वर्गात गाठ ओळखायला शिकवते तेव्हा स्वतःचाच आवाज नकोसा होतो. हे फक्त तुम्हाला कळावं, इतर कुणाला नको, असं आताही मनात येतं. तसं येतं याचीच शिसारी येते. पुढचं तुम्ही ठरवा.

माया मागायला आज तोंड नाही.
दिपमाला

धुळे तालुका, १९ जुलै २०२४

चि. दिपमाला,

आशीर्वाद लिहायला हात अडला, तरी लिहितो.

सोमवारी भूषण टेम्पोत पुढं बसूनच आला. बेबाबाईंच्या बांधावर पाच-सहा शेतकरी जमले होते. मी चष्मा लावून तुझा कागद वाचला. मग तुझं पत्रही वाचलं, एक ओळ न गाळता. बहिणीचं नाव मध्ये आणू नका, म्हणून भूषण ओरडला. मी थांबलो नाही. बेबाबाईंनी टेम्पोतलं एक रोप उचललं, पान उलटंसुलटं केलं आणि चालकाला म्हणाल्या, बठ्ठा माल परत लई जा, भाऊ. तुझ्याबद्दल मात्र मला विचारलं, शिकेल पोर, तिले दिसनं तरी बोलनी नही? शिकलेली असून बोलली नाही हे खरं, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो.

गाठाळलेली झाडं तोडून जाळतोय. धूर दोन दिवस गावावर आहे आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला मी कारण सांगतोय. आणखी कुणी कुणी ती रोपं नेली, त्यांची नावं भूषण मला देत नाही. तुला देईल. ती घे आणि रविवारी पहिल्या बसनं निघ. एकेकाच्या बांधावर तू स्वतः जाऊन सांगायचं. मी सोबत आहे.

काकूनं अजून तुझं नाव घेतलेलं नाही. उतरलीस की आधी बेबाबाईंकडं जाऊ, मग घरी.

तुझाच,
नाना