भिंतीवरच्या चार रेघा

लिंबायत, ९ जानेवारी १९९४

बंद पडलेलं आमचं जुनं स्टेशन पुन्हा उभं राहतंय. आज बघून आलो. एके काळी खानदेशातली माणसं लूमवर कापड विणायच्या कामाला यायची ती तिथेच उतरायची. वाचता कोणाला येत होतं? म्हणून मागच्या भिंतीवर गावागावाची खूण गेरूने काढलेली. आमची नांगराची. नव्या माणसाने आपल्या खुणेखाली बसून राहायचं, पाळी सुटली की गावचं कोणीतरी न्यायला यायचं.

नांगर पुसलाय. खालच्या चार रेघा मात्र शाबूत. लग्नानंतर शांता पहिल्यांदा आली, तेव्हा तिने खड्याने ओढलेल्या. एक गाडी गेली की एक रेघ. न्यायला उशिरा गेलो, तेव्हा लूमवरून सुटलोच नाही, असं मी तिला सांगितलं होतं. खरं तर पत्ते कुटत बसलो होतो.

"बाबा, हे राहू द्यायचं का?" गवंड्याने विचारलं.

"लाव गिलावा," म्हणालो, आणि पहिली थापी मीच मारली. स्टेशन चांगलं दिसावं म्हणून, की चोराच्या मनात चांदणं?

जेवताना राहवेना. इतक्या वर्षांनी खरं सांगून टाकलं. शांता भाकरी थापतच राहिली.

"माहीत आहे. समोरच्या टपरीत पत्ते पिसत होते तुम्ही. दिसत होतं मला."

"मग हाक नाही मारायची?"

"नवी नवरी चार लोकांत नवऱ्याला हाक मारते का? जेवा आता. मी त्या दिवशी सांजेपर्यंत उपाशी होते."

चार रेघा मला ठाऊक होत्या. हे ठाऊक नव्हतं.